थिकनेस प्लॅनर त्रास देतोय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

थिकनेस प्लॅनर, म्हणजे फळी रंधून एकसारख्या जाडीची करणारं मशीन, घेतला की पहिले दोन महिने मजेत जातात, मग एक दिवस फळीच्या टोकाला खड्डा पडतो, किंवा फळी मधेच अडकून बसते, आणि माणूस लगेच मोटर बघायला लागतो. माझा अनुभव असा की मोटरचा दोष सगळ्यात शेवटी निघतो. ब्लेडची धार गेलेली असते, रोलरवर चीक बसलेला असतो, नाहीतर फळीच खालून सपाट नसते, आणि बहुतेक तक्रारी या तिन्हीतच संपतात. म्हणून पाना हातात घेण्याआधी हे तीन बघा.

दुरुस्तीला कुठून सुरुवात करायची?

प्लग काढून. नुसतं स्विच बंद करून नाही, प्लग सॉकेटमधून बाहेर आणि तो डोळ्यासमोर ठेवलेला. कटरहेडला, म्हणजे ब्लेड बसवलेल्या फिरत्या दांड्याला, बोट नुसतं घासलं तरी कापतं, मशीन बंद असलं तरी.

मग एक टेस्टची फळी बाजूला काढा, लाकडाच्या रेषा सरळ असलेली, गाठी नसलेली, दोन फुटांच्या आसपास. प्लग परत लावून तिच्यावर एक पास मारा, म्हणजे ती एकदा मशीनमधून काढा, आणि काय दिसतंय ते पेन्सिलने फळीवरच लिहा, खड्डा कुठे आहे, रेघ कुठून कुठे जाते, कुठली बाजू जाड आहे. त्यानंतर एका वेळी एकच गोष्ट बदला आणि परत पास मारा. टेबल पण हलवलं, ब्लेड पण बदललं, रोलर पण पुसला आणि प्रॉब्लेम गेला, तर पुढच्या वेळी तोच प्रॉब्लेम आला की परत पहिल्यापासून शोधाशोध.

फळीच्या सुरुवातीला आणि शेवटाला दोन-तीन इंच जास्त कापलं जातं, खड्डा पडतो. हे का होतं?

याला स्नाईप म्हणतात आणि प्लॅनरबद्दलची सगळ्यात कॉमन तक्रार हीच. आत काय चालतं ते एकदा डोळ्यासमोर आणा. कटरहेडच्या आधी एक रोलर, नंतर एक रोलर. फळी मधे असते तेव्हा दोन्ही रोलर तिला टेबलावर दाबून ठेवतात. पण फळीचं पुढचं टोक आत शिरतं तेव्हा ते फक्त कटरहेडच्या आधीच्या रोलरच्या ताब्यात असतं, आणि फळीचा बाहेर लोंबणारा भाग आपल्या वजनाने खाली जातो, मग आतलं टोक तराजूच्या दुसऱ्या पारड्यासारखं वर उचललं जाऊन ब्लेडमध्ये घुसतं. शेवटी हेच उलट्या बाजूने होतं.

खड्ड्याची लांबी मोजून बघा. ती कटरहेड ते रोलर या अंतराएवढी निघाली, जे लहान मशीनमध्ये साधारण 50 ते 75 मिमी असतं, तर कारण हेच समजा.

सगळ्यात आधी इनफीड (फळी आत जाते ती बाजू) आणि आउटफीडची (बाहेर येते ती) टेबलं तपासा. मीटरभर लांबीची सरळ पट्टी मधल्या टेबलावरून दोन्हीकडच्या टेबलांवर आडवी टाका. बाहेरची टोकं पट्टीपासून खाली गेलेली दिसली तर त्यांच्या खालचे बोल्ट फिरवून ती वर घ्या, आणि नुसती लेव्हलला नको, टोकाला एका नाण्याच्या जाडीएवढी, म्हणजे एक ते दीड मिमी वर. त्याने फळीचं लोंबणं तिथल्या तिथे भरून निघतं. माझ्या मशीनला एवढ्या एका गोष्टीने स्नाईप इतका कमी झाला की बोटाला जेमतेम जाणवायचा आणि पॉलिश पेपरचे चार हात मारले की गायब व्हायचा.

लांब फळी असेल तर बाहेर रोलर स्टँड लावा, किंवा फळी आत जाताना आपल्या हातातलं टोक किंचित वर उचलून धरा, आणि बाहेर येताना पलीकडे जाऊन तिथलं टोक तसंच उचला. किंचितच, जोर लावून नाही. मशीनला हेड लॉक असेल तर प्रत्येक पासला लॉक करा, बरेच लोक ते विसरतात आणि हेड थोडं डोलत राहतं. शेवटचा पास एकदम हलका ठेवा.

फळ्या जास्त असतील तर एकामागोमाग एक, टोकाला टोक भिडवून सोडा. मशीनला ती एकच लांब फळी वाटते, स्नाईप फक्त पहिल्या फळीच्या सुरुवातीला आणि शेवटच्या फळीच्या शेवटाला येतो, आणि त्या दोन जागी टाकाऊ तुकडे घातले की चांगल्या फळ्या सगळ्या वाचतात. एकच महागाची फळी असेल तर तिच्या दोन्ही कडांना तेवढ्याच जाडीच्या लांब पट्ट्या चिकटवा, पुढे-मागे चार-चार इंच बाहेर आलेल्या. खड्डा पट्ट्यांना पडतो, फळी सहीसलामत. आणि काहीच करायचं नसेल तर फळी कापतानाच दोन्ही बाजूंना चार इंच जास्त ठेवा आणि शेवटी छाटून टाका, जुने कारागीर हेच करतात आणि त्यात काहीही कमीपणा नाही.

मोठ्या मशीनमध्ये टेबलात खाली पण रोलर असतात, ते गरजेपेक्षा वर आलेले असले तरी स्नाईप येतो. बाकी सगळं करून झालं तरच तिकडे वळा.

वाकडी फळी घातली, वाकडीच बाहेर आली, फक्त पातळ झाली. मशीन खराब आहे का?

नाही, मशीन त्याचं काम बरोबर करतंय. थिकनेस प्लॅनर फळी सरळ करत नाही, तो फळीची वरची बाजू खालच्या बाजूला समांतर करतो. खालची बाजू केळ्यासारखी वाकडी असेल तर रोलर तिला दाबून सपाट करतात, ब्लेड वरून कापतं, आणि बाहेर पडली की फळी स्प्रिंगसारखी परत पहिल्यासारखी वाकडी होते.

आधी एक बाजू सपाट करून घ्यायला लागते. जॉइंटर असेल तर त्यावर, नाहीतर हातरंध्याने. दोन्ही नको असेल तर स्लेड बनवा, म्हणजे एक सपाट जाड प्लायवूड किंवा एमडीएफ, त्यावर फळी ठेवायची, जिथे जिथे फळी डुगडुगते तिथे खाली पाचरा सारायच्या आणि पाचरा आणि फळी हॉट ग्लूने चिकटवून टाकायच्या, म्हणजे आतल्या दाबाने फळी खाली बसणार नाही. स्लेडसकट फळी मशीनमधून काढा, वरची बाजू सपाट झाली की फळी सोडवून उलटी करा आणि आता स्लेडशिवाय दुसरी बाजू घ्या. पीळ पडलेल्या फळीला चार कोपऱ्यांपैकी दोन तिरक्या समोरासमोरच्या कोपऱ्यांत पाचर लागते, एकाच कोपऱ्यात सगळी उंची भरू नका, दोघांत वाटून घ्या, लाकूड कमी वाया जातं.

लाकूड फाटतं, खपल्या निघतात, विशेषतः गाठीभोवती.

हे टेअरआउट. पहिला संशय फळीच्या दिशेवर घ्या. फळी हातात धरा आणि तिची कड बघा, वरचा चेहरा नाही, कड. कडेवर रेषा तिरक्या जाताना दिसतील. प्लॅनरमध्ये ब्लेड फळीच्या पुढच्या टोकाकडून मागच्या टोकाकडे, म्हणजे तुमच्या दिशेने कापत येतं. म्हणून तुम्ही इनफीडला उभे असताना कडेवरच्या रेषा तुमच्याकडे येता येता वर चढत गेल्या पाहिजेत. मांजराच्या पाठीवरून डोक्याकडून शेपटीकडे हात फिरवला की केस गुळगुळीत बसतात, तसं. रेषा उलट असतील तर ब्लेड रेषांच्या खाली शिरतं आणि कापण्याऐवजी उचकटतं.

आता इथे एक चूक सगळे करतात, मी पण कितीतरी दिवस केली. एक बाजू सुरेख निघाली म्हणून फळी पुस्तकाचं पान उलटावं तशी कडेवरून पलटली आणि तेच टोक परत पुढे घातलं. आता रेषा उलट्या झाल्या! फळी पलटताना टोकावरून टोकाकडे पलटायची, म्हणजे मागचं टोक पुढे येतं आणि रेषांची दिशा बरोबर राहते. चॉकने पुढच्या टोकाला बाण काढून ठेवला की घोळ होत नाही.

काही लाकडात रेषा मधेच दिशा बदलतात, गाठीच्या एका बाजूला अशा आणि दुसऱ्या बाजूला तशा, तिथे कुठल्याही दिशेने घातलं तरी थोडं फाटणारच. अशा वेळी पास अर्धा मिमी किंवा त्याहून कमी करा, ब्लेडची धार ताजी ठेवा, आणि ओलसर फडक्याने पृष्ठभाग नुसता पुसून एक-दोन मिनिटं थांबा, वरचे तंतू मऊ होतात आणि तुटण्याऐवजी कापले जातात. ओलसर म्हणजे ओलसर, पाणी निथळत नको, आणि काम झालं की टेबल पुसून घ्या नाहीतर गंज धरेल. फळी अरुंद असेल तर थोडी तिरकी घाला. एवढं करूनही फाटत असेल तर जाडी एक मिमी जास्त ठेवून थांबा आणि उरलेलं स्क्रॅपर आणि पॉलिश पेपरने काढा, मशीनशी भांडण्यात चांगली फळी जाते.

फळीवर टोकापासून टोकापर्यंत एक बारीक उंच रेघ येते.

ब्लेडच्या धारेला खांडं पडलंय. तेवढ्या जागी ब्लेड कापत नाही म्हणून लाकूड वर राहतं. खिळा, स्टेपल, खडा किंवा वाळलेला ग्लू, यातलं काहीतरी आत गेलेलं असणार.

ब्लेड लगेच बदलायची गरज नसते. डावी-उजवीकडे सरकणारी ब्लेड असतील तर त्यातलं एक ब्लेड एक-दीड मिमी बाजूला सरकवा, म्हणजे एकाचं खांडं दुसऱ्याच्या चांगल्या धारेने झाकलं जातं. स्पायरल हेड (लांब ब्लेडऐवजी छोट्या इन्सर्टचं हेड) असेल तर रेघेच्या जागेसमोरचा छोटा इन्सर्ट शोधून तेवढाच फिरवा.

पॅनल चिकटवल्यावर बाहेर आलेला ग्लू वाळून दगडासारखा होतो. मी एकदा घाईत तसंच पॅनल आत घातलं होतं, नवीन ब्लेडवर पाच जागी खांडं, म्हणजे पुढच्या प्रत्येक फळीवर पाच रेघा. तेव्हापासून ग्लू अर्धवट रबरासारखा असतानाच पटाशीने खरवडून काढतो.

बारीक बारीक खळगे पडतात, तांदळाच्या दाण्याएवढे, कुठेही.

हे ब्लेडचं काम नाही. कापलेल्या ढलप्या बाहेर जायच्या ऐवजी फळीवर पडतात आणि आउटफीड रोलर त्यांना लाकडात दाबतो. व्हॅक्यूम जोडा, जोडलेला असेल तर पिशवी आणि फिल्टर साफ करा, रोलरवर ढलप्या चिकटल्या असतील तर काढा. पडलेले खळगे बरे होतात: त्यावर ओलं फडकं ठेवून गरम इस्त्री लावा, वाफेने दबलेलं लाकूड फुगून वर येतं, वाळलं की हलका पॉलिश पेपर मारा. तंतू तुटलेले नसतात, नुसते दबलेले असतात, म्हणून हे जमतं. टेअरआउटला हा उपाय चालत नाही.

पृष्ठभागावर आडव्या लाटा दिसतात.

थोड्या लाटा असणारच, कारण गोल फिरणारं हेड सपाट कापूच शकत नाही, प्रत्येक ब्लेड एक छोटी वाटी काढत जातं. प्रश्न त्या किती जवळजवळ आहेत याचा. हिशोब सोपा आहे. समजा हेड मिनिटाला 8000 फेरे मारतं आणि दोन ब्लेड आहेत, म्हणजे मिनिटाला 16000 काप. फळी मिनिटाला 8 मीटर, म्हणजे 8000 मिमी पुढे जाते. तर प्रत्येक मिमीला दोन काप, अर्ध्या मिमीवर एक लाट, जी डोळ्याला दिसतही नाही. तुमच्या मशीनचे आकडे घालून बघा.

आता प्रत्यक्ष लाटा मोजा, 10 मिमीमध्ये किती येतात ते, उन्हात तिरकं धरून. हिशोबापेक्षा निम्म्याच आल्या तर दोनपैकी एकच ब्लेड कापतंय, दुसरं खाली बसलंय. ब्लेड परत सेट करा. मशीनला दोन स्पीड असतील तर शेवटचा पास हळू स्पीडला घ्या. लाटा जवळजवळ नसून लांब लांब आणि अनियमित असतील तर फीड रोलर घसरतोय किंवा बेल्टला गोळा आलाय.

फळी आत जाऊन थांबते, ढकलावी लागते.

या क्रमाने बघा, कारण सोप्यापासून अवघडाकडे हाच क्रम आहे.

आधी टेबल. हात फिरवून बघा, चिकट किंवा खरखरीत लागलं तर टर्पेंटाइनने पुसा, वाळू द्या, आणि मेण लावून कोरड्या फडक्याने चकाकेपर्यंत घासा. सिलिकॉन असलेलं स्प्रे किंवा पॉलिश वापरू नका, ते लाकडाला लागतं आणि नंतर फिनिश मारताना माशाच्या डोळ्यासारखे गोल गोल डाग येतात, काही केल्या जात नाहीत. मेण लावल्यावर किती फरक पडतो ते स्वतः करून बघा, जी फळी ढकलावी लागत होती ती आपोआप ओढली जाते. मला वाटतं प्लॅनरच्या अर्ध्या तक्रारींवर मेणाचा डबा हाच पहिला उपाय असायला हवा.

मग रोलर. चिकाच्या लाकडाने रबरी रोलरवर एक गुळगुळीत तपकिरी थर बसतो आणि पकड जाते. फडक्यावर थोडं स्पिरिट घेऊन हाताने रोलर फिरवत पुसा, फडकं काळं यायचं थांबेपर्यंत. पेट्रोल, थिनर रबरावर नको, रबर फुगतं. पुसूनही रबर काचेसारखं चमकत असेल तर 120 नंबरच्या पॉलिश पेपरने हलकंसं खरवडा. रबर कडक होऊन तडे गेले असतील तर रोलर बदलायची वेळ आली. मोठ्या मशीनचे लोखंडी दातेरी रोलर तारेच्या ब्रशने साफ होतात.

मग कट. खूप खोल घेतलाय का? रुंद फळीला मशीन जास्तीत जास्त जेवढं देतं तेवढं घ्यायचं नसतं. 3 मिमीपर्यंत कट देणारं मशीन ते अरुंद फळीवर देतं, पूर्ण रुंदीच्या कडक लाकडावर एक मिमीच्या आत राहा. आणि फळी सगळीकडे सारख्या जाडीची आहे का ते बघा, मधे जाड असेल तर सुरुवात नीट होते आणि मधे जाऊन अडकते.

मग ब्लेड. बोथट ब्लेड लाकूड कापायच्या ऐवजी मागे ढकलतं आणि रोलर हरतो. एवढं सगळं ठीक असेल तरच रोलरची स्प्रिंग, चेन आणि गिअर. फळी थांबलेली असताना रोलर फिरतोय का ते बघा, पण बाजूला उभं राहून, वाकून आत डोकावून नाही. फिरत असेल तर पकड नाही, फिरतच नसेल तर चेन किंवा गिअर.

मोटर दमते, ट्रिप होते.

ट्रिप झाली की फळी तशीच ठेवून परत परत स्टार्ट करू नका. प्लग काढा, हेड वर घ्या, फळी काढा, मोटर थंड होऊ द्या, मग ओव्हरलोडचं बटण दाबा.

बऱ्याचदा कारण एक्स्टेन्शन वायर असते. लांब आणि बारीक वायरमध्ये व्होल्टेज पडतं, मोटर तेवढंच काम करायला जास्त करंट ओढते आणि तापते. शक्यतो थेट सॉकेटला लावा, वायर लागलीच तर जाड आणि लहान घ्या, आणि रीळवर गुंडाळलेली असेल तर पूर्ण सोडवा, गुंडाळलेली वायर स्वतःच गरम होते. व्हॅक्यूम त्याच सर्किटवर असेल तर तो वेगळ्या सर्किटवर न्या.

लहान मशीनमध्ये कार्बन ब्रश असतात. ताकद कमी झाली, स्टार्ट व्हायला कुरकुर होते, आत मोठ्या ठिणग्या दिसतात, तर ब्रश काढून बघा, खूप झिजले असतील तर दोन्ही एकदम बदला. बेल्ट पण बघा, ढिला किंवा चकाकलेला बेल्ट घसरतो, तेव्हा मोटर फिरते पण हेड मंदावतं आणि रबर जळाल्याचा वास येतो.

फळीची डावी बाजू जाड, उजवी पातळ.

हेड आणि टेबल समांतर नाही, किंवा ब्लेड एका बाजूला जास्त बाहेर आहे. कुठलं ते कसं ओळखायचं? सारख्या जाडीच्या दोन पट्ट्या घ्या, हेडची उंची न बदलता एक टेबलाच्या डाव्या कडेने काढा आणि एक उजव्या कडेने, आणि कॅलिपरने मोजा. फरक असेल तर प्लग काढून हेडची बॉडी, ब्लेड नाही, टेबलापासून दोन्हीकडे किती उंच आहे ते लाकडाच्या ठोकळ्याने आणि फीलर गेजने (बारीक फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) बघा. बॉडी समांतर असेल तर ब्लेड परत सेट करा. नसेल तर हेड वर-खाली करणाऱ्या स्क्रूंना जोडणारी चेन किंवा गिअर एक-दोन दाते सरकवून जुळवायला लागतो, कुठला बोल्ट सोडायचा ते मशीनच्या पुस्तकात असतं. चेनने दात सोडला असेल तर हा फरक एका दिवसात अचानक येतो.

0.1 मिमीचा फरक सोडून द्या. शेवटच्या पासला प्रत्येक फळी टेबलाच्या त्याच जागेवरून काढली तर तोही त्रास देत नाही.

स्केलवर 18 मिमी, फळी 18.6.

स्केलचा काटा ढिला करून कॅलिपरच्या मापाला जुळवा आणि घट्ट करा. ब्लेड बदललं की हे परत करायचं. शिवाय स्क्रूमध्ये थोडी ढिलाई असते, म्हणून आकड्यावर नेहमी एकाच बाजूने या. चुकून खाली गेलात तर चांगला एक फेरा वर घ्या आणि परत खाली येत आकडा गाठा. आणि एका सेटच्या सगळ्या फळ्या एकाच सेटिंगला एकामागून एक काढा, उद्या परत तोच आकडा लावून बरोबर तीच जाडी मिळेल यावर विसंबू नका.

ब्लेड कधी बदलायचं आणि बदलताना काय सांभाळायचं?

मशीन सांगतं. आवाज जड होतो, ढलप्यांऐवजी भुकटी यायला लागते, पृष्ठभाग चमकदार पण दाबल्यासारखा दिसतो, कधी काळपट जळल्याचा पट्टा येतो. बऱ्याच लहान मशीनचं ब्लेड दोन्ही बाजूंनी धारेचं असतं, एक बाजू गेली की उलटं करायचं.

बदलताना जाड कातडी हातमोजे घाला, आणि मशीन चालवताना हातमोजे अजिबात नको, रोलर कापड धरून हात आत ओढतो. जुनं ब्लेड काढलं की त्याची बसायची जागा ब्रशने पूर्ण साफ करा, एक बारीक ढलपी खाली राहिली तरी ब्लेड तेवढ्यापुरतं वर येतं. बोल्ट मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला, दोन-तीन फेऱ्यांत थोडे थोडे आवळा. सगळी ब्लेड एकदम बदला. धार लावून परत वापरायची ब्लेड असतील तर सगळी सारखीच घासा, एक हलकं एक जड झालं तर हेड थरथरतं. हेडच्या बाहेर ब्लेड किती काढायचं ते मशीनसोबतच्या गेजनेच ठरवा, अंदाजाने नाही.

आवाज एकदम बदलला, टिकटिक येते.

लगेच बंद. फळी पूर्ण होऊ दे म्हणून थांबू नका. माझ्याकडे एकदा चालू कामात बारीक टकटक सुरू झाली, जेमतेम ऐकू येईल इतकी, बंद करून उघडलं तर ब्लेड धरणाऱ्या पट्टीचे दोन बोल्ट बोटांनी फिरत होते. मी आदल्या दिवशी एका टोकाकडून सरळ आवळत गेलो होतो आणि पहिले दोन नंतर ढिले पडले होते. अजून पाच मिनिटं चालवलं असतं तर ते ब्लेड बाहेर आलं असतं. तेव्हापासून ब्लेड बदललं की सगळे बोल्ट आवळून झाल्यावर परत पहिल्यापासून एक फेरी मारतो, आणि पहिला पास झाला की प्लग काढून अजून एकदा.

घरघर असेल तर बेअरिंग. प्लग आणि बेल्ट काढून हेड ब्लेडला न शिवता फिरवा, वाळू भरल्यासारखं लागलं किंवा हेड वर-खाली हललं तर बेअरिंग गेलं. एरवीही हे मशीन कर्कश असतं, कानाला मफ्स लावल्याशिवाय चालवू नका.

भुशाची नळी सारखी चोंदते.

प्लॅनरच्या ढलप्या मोठ्या आणि खूप असतात, घरगुती व्हॅक्यूमची बारीक नळी पुरत नाही. 100 मिमीची नळी, शक्य तितकी लहान आणि कमी वळणांची. ओलं लाकूड असेल तर ढलप्या आत चिकटून गोळा होतात. चोंदलेली नळी प्लग काढूनच मोकळी करा, काठी घालूनसुद्धा चालू मशीनमध्ये नको.

किती लहान, किती पातळ फळी चालते?

दोन रोलरमधल्या अंतरापेक्षा लहान तुकडा अजिबात नाही, तो मधे मोकळा सुटतो आणि ब्लेड त्याला भिरकावतं. बहुतेक मशीनना 300 मिमीच्या आत नको असं धरून चाला, पुस्तकात जास्त लिहिलं असेल तर ते पाळा. लहान तुकडे लागत असतील तर लांब फळी प्लेन करून मग कापा. 6 मिमीपेक्षा पातळ करायचं असेल तर खाली सपाट एमडीएफ घ्या आणि फळी डबल टेपने चिकटवा.

एंड ग्रेनचा (तंतूंची टोकं वर आलेला) कटिंग बोर्ड, जुनं लाकूड, प्लायवूड घालू का?

एंड ग्रेन नको. ब्लेड तंतूंच्या टोकांवर आपटतं आणि बोर्डची मागची कड फुटून उडते, कधी अख्खा बोर्ड फुटतो. त्याला सँडर किंवा राउटर स्लेड. प्लायवूड आणि एमडीएफमधला ग्लू ब्लेड खातो. जुनं लाकूड चालेल, पण मेटल डिटेक्टर फिरवून, पटाशीने संशयाच्या जागा उकरून, आणि रंग आधी काढून. जुन्या रंगात शिसं असू शकतं, त्याचा भुसा हवेत नको.

फळी मशीनमधून सरळ आली, दुसऱ्या दिवशी वाकली.

लाकडाच्या आतला ओलावा आणि ताण. फळीची फक्त एक बाजू काढली की ओलसर आतला भाग एका बाजूने उघडा पडतो, तो वाळून आक्रसतो आणि फळी तिकडे वळते. दोन्ही बाजूंनी सारखं काढा, फळी पलटत पलटत. शेवटच्या मापाच्या 3 मिमी आधी थांबा, फळ्यांमध्ये पट्ट्या घालून रचा, दोन-चार दिवस हवा लागू दे, मग परत एक बाजू सपाट करून शेवटचं माप गाठा. टेबलावर आडवी ठेवून विसरू नका, एकाच बाजूला हवा लागते. फर्निचरसाठी ओलावा 8 ते 12 टक्क्यांत असला की बरं, साधा पिनवाला मीटरसुद्धा एवढं सांगतो. पृष्ठभाग केसाळ, लोकरीसारखा निघत असेल तर लाकूड अजून ओलं आहे, वाळू द्या.

स्पायरल हेड बसवून घ्यावं का?

वेड्यावाकड्या रेषांचं लाकूड नेहमी वापरत असाल तर हो. छोटे कार्बाइड इन्सर्ट, प्रत्येकाला चार धारा, आवाज बराच कमी, टेअरआउट कमी. पण स्नाईप त्याने जात नाही, आणि मोटर लहान असेल तर पास अजून हलका घ्यावा लागतो. इन्सर्ट फिरवताना त्याच्या खालची जागा पुसल्याशिवाय स्क्रू आवळू नका, खाली कचरा राहिला तर इन्सर्टला तडा जातो.

रोजचं काय करायचं, म्हणजे यातलं बरंचसं होणारच नाही?

काम संपलं की ढलप्या ब्रशने काढा. टेबलाला मेण, आठवड्यातून एकदा तरी. रोलर पुसणं, चिकाचं लाकूड असेल तर त्याच दिवशी. इनफीडकडचे किकबॅक रोखणारे लोखंडी पंजे बोटाने उचलून सोडा, प्रत्येक पंजा आपल्या वजनाने खाली पडला पाहिजे. चिकाने एखादा वरच अडकून राहिला तर फळी उलटी उडते तेव्हा तो धरणार नाही. अरुंद फळ्या रोज मधूनच नका घालू, कधी डावीकडून कधी उजवीकडून घाला, ब्लेड सगळीकडे सारखं झिजतं. हेड वर-खाली करणाऱ्या स्क्रूंना ओलं तेल नको, त्यावर भुसा बसून चिखल होतो, कोरडं ल्युब्रिकंट किंवा मेण लावा. आणि मशीन चालू असताना फळीच्या सरळ रेषेत उभं राहू नका, एक पाऊल बाजूला, तुम्हीही आणि पलीकडे फळी धरायला उभा असलेलाही.